देवघेव नावाचा रिकामा फोल्डर

मी एक फोल्डर बोलतो आहे. संगणकातल्या इतर फोल्डरांची किंमत ते किती भरलेले आहेत यावरून ठरते. माझी किंमत मी रिकामा राहतो की नाही यावरून ठरते. हे शहाणपण मी जन्मतः घेऊन आलो नव्हतो. ते मला एका गुरुवारी दुपारी आले, आणि त्यापायी तीन भल्या माणसांच्या तोंडचे पाणी पळाले.

माझे नाव 'देवघेव'. हे नाव ठेवले ते माझ्या मालकीणबाईंनी. बाई निवृत्त शिक्षिका. निवृत्तीनंतर हातावर हात ठेवून बसणे स्वभावात नसल्यामुळे त्या दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके ब्रेल लिपीत करून देतात. छापील पुस्तक समोर ठेवायचे, ते अक्षरन् अक्षर टंकायचे, दोनदा तपासायचे आणि मग प्रोग्रॅमकडून ते ब्रेलच्या ठिपक्यांत उतरवून घ्यायचे, हा त्यांचा रोजचा परिपाठ.

हा प्रोग्रॅम जुना, आणि तो फक्त लिनक्स नावाच्या प्रणालीवरच नीट चालतो. लॅपटॉपवर मात्र दुसरीच प्रणाली. तेव्हा बाईंच्या धाकट्या भावाने लॅपटॉपच्या पोटात आणखी एक संगणक थाटून दिला आणि त्यात लिनक्सचा संसार मांडला. जाणकार मंडळी याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाई म्हणतात 'पोटभाडेकरू'.

या धाकट्या भावाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. वय बावन्न, डोक्यावर चकचकीत टक्कल, संगणकदुरुस्तीचे स्वतःचे दुकान. दुकानात चार माणसे त्यांना 'सर' म्हणतात. बाई मात्र गिऱ्हाइकांच्या देखत 'छोटू' म्हणूनच हाक मारतात, आणि सरही निमूटपणे 'ओ ताई' म्हणतात.

पोटभाडेकरू आला तशी अडचणही आली. पुस्तक तयार होणार आत, लिनक्समध्ये. आणि ब्रेल छापणारे यंत्र जोडलेले बाहेर, लॅपटॉपला. मधे भिंत. त्या भिंतीतले दार म्हणून माझा जन्म झाला. बाहेर लॅपटॉपवर माझ्याच नावाचा एक खराखुरा फोल्डर आहे. आतल्या संगणकात 'गेस्ट टूल्स' नावाची साधने बसवलेली आहेत. त्यांच्या मदतीने बाहेरचा फोल्डर माझ्या चौकटीत येऊन बसतो. मला उघडले की त्याचे कागद दिसतात, आणि माझ्यात काही ठेवले की ते थेट त्याच्याकडे पोचते. माझ्या स्वतःच्या पोटात काहीच नसते. चौकटीला कुठले आले पोट?

"म्हणजे शेजारणीच्या खिडकीसारखं," छोटूंनी समजावल्यावर बाई म्हणाल्या होत्या. "इकडून वाटी सरकवली की तिकडे मिळते."

"अगदी तसंच, ताई."

"मग एवढं इंग्रजी कशाला पाजळत होतास अर्धा तास?"

दोन वर्षे आमची ही देवघेव सुरळीत चालली. अक्षरशः कोणाची दृष्ट लागावी अशी. मग टेलिफोनवालीचे पुस्तक आले.

टेलिफोनवाली म्हणजे एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर बसणारी, तिशीतली, दृष्टिहीन आणि जिभेने तिखट अशी मुलगी. 'टेलिफोनवाली आली हो' अशी वर्दी ती स्वतःच दारातून देते, म्हणून तिला हे नाव. तिला टेलिफोन कक्षाच्या प्रमुखपदाची खात्यांतर्गत परीक्षा द्यायची होती. पुस्तक होते कचेरीच्या नियमांचे, अकरा प्रकरणांचे, आणि इतके रूक्ष की ते टंकताना बाईंनादेखील दोनदा डुलकी लागली.

"मागच्या वेळी चार गुणांनी राहिले," ती पहिल्याच भेटीत म्हणाली होती. "वाचून दाखवायला मावसबहीण बसायची. बिचारीला जांभई आली की माझा नियम अर्ध्यावर. अर्धा नियम लिहून पूर्ण गुण कोण देतो, बाई? आणि दोनच संधी असतात. यंदा गेले तर आयुष्यभर 'थांबा, जोडून देते' म्हणत बसायचं."

"गुरुवारी दुपारी तीनला ये," बाई म्हणाल्या. "सोमवारी परीक्षा ना? मधे तीन दिवस मिळतील. पुस्तक तयार असेल."

बाईंनी दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पहिली चार प्रकरणे माझ्यातून बिनबोभाट बाहेर पोचली. पाचव्याच्या दिवशी सकाळी लिनक्सने अदबीने विचारले, नव्या सुधारणा आल्या आहेत, बसवू का? सुधारणेला नाही म्हणणे बाईंच्या तत्त्वात बसत नाही. त्यांनी होकार दिला. लिनक्सचा गाभा बदलला आणि गेस्ट टूल्सची पंचाईत झाली. ती जुन्या गाभ्याच्या मापाने शिवलेली. नव्या अंगाला येईनात. त्यांनी कुरकुर केली नाही, आवाज केला नाही, नुसती डोळे मिटून पडून राहिली. बाहेरचा फोल्डर माझ्या चौकटीत आलाच नाही.

खुणा नव्हत्या असे नाही. लिनक्सचा पडदा आक्रसून पोस्टकार्डाएवढा झाला. दुसऱ्या कोणी तक्रार केली असती. बाईंनी कपाटातून भिंग काढले, ते डाव्या हातात धरले आणि उजव्या हाताने टंकन चालू ठेवले. मला उघडून पाहिले तर आत शुकशुकाट, आधीची चार प्रकरणे दिसेनात. बाई समाधानाने म्हणाल्या, "छोटूने आवरलेलं दिसतंय. उशिरा का होईना, शहाणपण सुचलं."

आणि त्या संध्याकाळी पाचवे प्रकरण त्यांनी माझ्यात ठेवले. नियमच होता त्यांचा: झालेले काम देवघेवीत.

खरे सांगू? मी हुरळलो. दार बंद असताना चौकटीत ठेवलेली वस्तू जाणार कुठे? ती माझ्याच पोटात राहिली. पाचवे, सहावे, सातवे. मला पहिल्यांदा वजन आले. वाटले, आपणही आता चार फोल्डरांत मान वर करून बसावे. एकोणीस दिवसांत अकराव्यापर्यंत सगळी प्रकरणे माझ्यात आली आणि बाहेर एकाचाही पत्ता नव्हता. बाईंनी बाहेर डोकावण्याचे कारण नव्हते, कारण त्यांचा दुसरा नियम असा की, पुस्तक पुरे झाल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही. दोन उत्तम नियमांनी मिळून असा घोळ घालावा, हे फक्त याच घरात घडू शकते.

गुरुवार उजाडला. दुपारी तीनच्या ठोक्याला टेलिफोनवाली आली. बाईंनी कागदाची थप्पी यंत्रात लावली, लॅपटॉपवरचा फोल्डर उघडला आणि भिंग खाली ठेवले.

"काय झालं, बाई? श्वास अडकला तुमचा."

"चारच प्रकरणं आहेत." मग त्यांनी आतला मी उघडला. "आणि इथे सात. चार तिकडे, सात इकडे."

"बेरीज तर बरोबर आहे," टेलिफोनवाली म्हणाली. "घरंच फक्त वेगळी."

छोटूंना फोन गेला. दहा मिनिटांत ते धापा टाकत हजर. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांची नजर पोस्टकार्डाकडे गेली.

"हे असं किती दिवस आहे?"

"एकोणीस."

"आणि तू भिंग घेऊन बसलीस? ताई, पेशंट एकोणीस दिवस तापलाय आणि तू त्याच्या कपाळावर नुसता रुमाल ठेवतेयस."

"तापलेला पेशंट कण्हतो तरी. हा गप्प होता."

"मला फोन करायचा."

"मागच्या वेळी केला तेव्हा म्हणालास, बंद करून चालू कर. तेवढं मीही करते."

टेलिफोनवाली कोपऱ्यातल्या स्टुलावरून हसली. "डॉक्टरसाहेब, भांडण नंतर. माझी परीक्षा सोमवारी आहे."

छोटूंचे निदान अचूक निघाले. नवा गाभा, जुनी साधने. आवश्यक त्या चार गोष्टी त्यांनी इंटरनेटवरून उतरवून घेतल्या, गेस्ट टूल्स नव्या मापाने पुन्हा बांधली आणि पोटभाडेकरूला एकदा झोपवून उठवले. "आता दार उघडेल, आणि ही सातही आपसूक बाहेर जातील," असे ते वर म्हणाले. माझा जीव खालीवर झाला. आपसूक? अहो, माझ्या पोटातले कोणी उचलल्याशिवाय कसे जाईल? पण मी सांगणार कोणाला?

लिनक्स उठले. पडदा ऐसपैस पसरला. "बघ," छोटू म्हणाले आणि ऐटीत मला उघडले.

चार प्रकरणे. पहिली चार.

छोटूंनी मला बंद करून पुन्हा उघडले, जणू मी थट्टा करत होतो.

"सात कुठे गेली?" बाईंचा आवाज वर्गात खडू मोडल्यावर होत असे तसा झाला होता.

"होती. आत्ता होती."

"मी या डोळ्यांनी पाहिलीत. तू काय केलंस, छोटू?"

"मी फक्त साधनं बसवली, ताई. त्यात काही पुसलं जात नाही. जायला नको." टकलावर घाम चमकू लागला. "एक उपाय आहे. महिन्यापूर्वी मी या मशीनची नोंद घेऊन ठेवली होती, जशीच्या तशी. त्या स्थितीला परत नेतो. तेव्हा सगळं ठणठणीत होतं."

"महिन्यापूर्वी पाचवं प्रकरण लिहिलेलंच नव्हतं."

"ते तर आता गेलंच आहे ना. निदान मशीन तरी नीट होईल."

त्यांनी बाण त्या बटणावर नेला. एक टिचकी, आणि मी, माझी सात प्रकरणे, बाईंचे एकोणीस दिवस, सगळे पाटीवरच्या अक्षरांसारखे पुसले जाणार. सात प्रकरणे तीन दिवसांत पुन्हा टंकणे बाईंनाही शक्य नव्हते. त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"थांबा हो डॉक्टर," टेलिफोनवाली म्हणाली. "तुम्ही पुसलं नाहीत म्हणता, बाईंनी पुसलं नाही. मग गेलं कसं?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

"नसेल. माझ्या बोर्डावरची गोष्ट सांगते, ती तरी कळते का बघा. माझी नंबरांची वही ब्रेलमध्ये आहे. एकदा कुणीतरी नवा तक्ता आणला आणि नीट जुन्या पानावरच लावून टाकला. बोटाला नवाच लागायचा. दोन दिवस मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते, भांडारविभागाचा नंबर बंद झाला. तो खालच्या पानावर मजेत बसला होता. वरचा कागद उचलून बघितलात का तुम्ही?"

छोटूंचा हात जागच्या जागी थबकला. मग तो बटणापासून हळूच मागे आला, गरम तव्यापासून यावा तसा.

"ताई," ते पुटपुटले, "मी गाढव आहे."

"ते नंतर बोलू. वरचा कागद उचल."

त्यांनी एक छोटीशी ओळ टंकली. तिचा अर्थ इतकाच होता की, बाहेरच्या फोल्डराने चौकटीतून क्षणभर बाजूला व्हावे. तो झाला. आणि पाचव्यापासून अकराव्यापर्यंत माझी सातही लेकरे रांगेत उभी दिसली.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सातही नावे मोठ्याने वाचली, हजेरी घेतात तशी. टेलिफोनवालीने प्रत्येक नावाला "हजर" म्हटले.

छोटूंनी प्रकरणे आधी सुरक्षित जागी उचलून ठेवली, मला झाडून रिकामे केले, बाहेरच्या फोल्डरला पुन्हा चौकटीत बसवले आणि मग ती त्याच्या हवाली केली. मी हलका झालो. वाईट वाटेल असे मला वाटले होते; वाटले नाही. पहिले पान यंत्रातून खटखटत बाहेर आले तेव्हा तर अजिबातच नाही.

पुस्तक पुरे छापून होण्याची टेलिफोनवालीने वाट पाहिली नाही. एकेक पान बाहेर पडताच ती ओढून घेई आणि मांडीवर ठेवून बोट फिरवी. यंत्र आठव्या प्रकरणाला लागले तेव्हा तिचे दुसरे संपत आले होते, आणि बाई समोर बसून प्रश्न विचारत होत्या.

"रजेचा अर्ज किती दिवस आधी?"

"सात. आजारपण सोडून."

"पूर्ण वाक्यात उत्तर दे."

"बाई, परीक्षक तुमच्याहून बरे असतील, एवढीच आशा आहे."

ती उत्तीर्ण झाली. बातमी कळली ती फोनवरून. बाईंनी रिसीव्हर उचलला तर पलीकडून आवाज आला, "टेलिफोन कक्षप्रमुख बोलतेय. थांबा, जोडून देत नाही. स्वतःच बोलते."

माझे सध्या बरे चालले आहे. बाहेरचा फोल्डर माझ्या चौकटीत सुखाने बसतो. भिंग कपाटात गेले. पडदा पुन्हा आक्रसला तर त्याच दिवशी फोन करायचा, असे बाईंनी कबूल केले आहे. आणि फोन आला तर 'बंद करून चालू कर' म्हणायचे नाही, असे छोटूंनी.

मात्र आता मी अगदीच रिकामा नाही. त्याच संध्याकाळी बाईंनी छोटूंना बाहेरचा फोल्डर आणखी एकदा बाजूला करायला लावला आणि माझ्या तळाशी एक चिठ्ठी ठेवली. दार उघडे असते तेव्हा ती झाकलेली राहते. दार बंद पडले तरच दिसते. तिच्यात लिहिले आहे: 'ही चिठ्ठी दिसत असेल तर दार बंद आहे. येथे काहीही ठेवू नये. छोटूला बोलवावे. तो येईपर्यंत चहा घ्यावा.'

वाचकहो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी चौकट असेल, तर तिच्या तळाशी अशी एक चिठ्ठी ठेवा. माझी चिठ्ठी मी जिवापाड सांभाळतो. साऱ्या आयुष्यात माझ्या मालकीची तेवढीच एक वस्तू. आणि ती कोणाच्याही वाचनात कधी येऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.