गल्लीतले माग

बसवंत गेला तेव्हा बेळगावातल्या वडगावच्या त्या गल्लीतले सगळे माग थांबले. तशी तिथली रीतच होती. प्रेत गल्लीतून बाहेर पडेपर्यंत कुणी मागाला हात लावत नसे.

बसवंतचा मुलगा विक्रम टोरांटोत होता. आईनं, मालुबाईनं, फोन केला तशी त्यानं मिळेल ते तिकीट काढलं आणि 'विमानात बसलो' एवढं कळवलं. निपाणीहून आलेल्या तेजस्वीनं, त्याच्या बहिणीनं, फोनवर टोरांटो ते बेळगाव शोधलं. जवळजवळ तेरा हजार किलोमीटर, सोळा तास. "उद्या दुपारी दादा दारात!" तिनं सगळ्यांना सांगून टाकलं. फोननं बापडा सरळ रेघ मारून हिशेब केला होता. असं थेट विमान मुळात नाहीच, हे त्यानं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विक्रम नाही, त्याचा निरोप आला. तो मधल्याच कुठल्या विमानतळावर अडकला होता. तिथून बेंगळूर, मग बेळगावचा सांबरा विमानतळ. घरी यायला सकाळ होणार होती. 'मी येस्तोवर थांबा. आप्पांचं तोंड बघायचंय.'

तेजस्वीनं फोन आईपुढं धरला. "आई, माझंच चुकलं गं."

एप्रिलचं ऊन, प्रेताभोवतीचा बर्फ वितळत चाललेला. दुसरी रात्र प्रेत घरात ठेवत नाहीत. रोजावर पोट असलेली माणसं कालपासून माग बंद करून ओट्यावर बसली होती, आणि एकानंही तोंड वाकडं केलं नव्हतं. त्याचंच मालुबाईला ओझं झालं.

"काय कळवू त्याला?" तेजस्वीनं विचारलं.

"व्हय म्हण," मालुबाई म्हणाली. "परक्या मुलखात एकटाच रडत बसंल."

तेजस्वीनं 'आई हो म्हणतेय' असं पाठवलं. मग मालुबाईनं नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला, एकदा स्वतःसाठी आणि एकदा लेकासाठी. "उचला आता," ती म्हणाली.

स्मशानातून परतल्यावर शेजारचे जोतिबाआप्पा म्हणाले, "मालुबाई, विक्रम येस्तोवर माग बंदच ठिवूया."

"नको आप्पा. सकाळी चालू करा. त्येला सांगायला माझं तोंड उघडायचं न्हाय."

सकाळी गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. विक्रम घाईनं उतरला, चार पावलं धावला आणि जागच्या जागी उभा राहिला. दोन्ही बाजूंनी माग खडखडत होते. या गल्लीत वाढलेल्या पोराला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

मालुबाईच त्याच्यापर्यंत चालत गेली. तिला लेकाकडं बघवेना. ती त्याच्या हातातली बॅग घेऊ लागली, पण त्यानं ती सोडली नाही.

"आई, तू व्हय म्हणालतीस."

"व्हय रं बाळा," मालुबाई म्हणाली, आणि कालपासून आवरून धरलेलं रडं तिला तिथं, भर रस्त्यात, आवरेना.