आपोआप लागणारं दार

सरस्वतीबाईंच्या घरातलं माजघराचं दार आपोआप लागायचं. उघडून ठेवलं की घटकाभर विचार केल्यासारखं थांबायचं, मग हळूहळू पुढे यायचं आणि चौकटीत धप्पकन बसायचं. दुसऱ्या कुणाच्या घरी लोकांनी हसून पाचर ठोकली असती आणि विसरून गेले असते. कुंभकोणच्या या घरात तसं करून भागणार नव्हतं, कारण घरातल्या बायकांचं बोलणं त्याच दारातून बाहेर जायचं.

रीत अशी, की बाहेरच्या मोठ्या दालनात, ज्याला घरात सगळे कूडम म्हणत, पुरुष बसले की बाईमाणसानं समोर यायचं नाही. माजघराचं दार वीतभर उघडं ठेवायचं आणि मागून काय ते बोलायचं. तंजावरच्या राजवाड्यात असं चालतं म्हणून या मंडळींनी ते घरी आणलं होतं. कंपनीनं गादी खालसा करून चार वर्षं झाली, राजवाड्यातली कामं गेली, पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच!

मार्गशीर्षात याच दारानं सरस्वतीबाईंचा घात केला. त्यांचा धाकटा दीर व्यंकोबा चार माणसांदेखत म्हणाला, "वहिनी, भवानी दहा वर्षांची झाली. तिचें शिकणें आतां पुरें करावें म्हणतों. तुमचें काय?" सरस्वतीबाईंनी तोंड उघडलं तेवढ्यात दार धप्पकन लागलं. त्यांनी कडी ओढून ते पुन्हा उघडेपर्यंत व्यंकोबा "मौनं संमतिलक्षणम्" म्हणून उठलाही होता. दुसऱ्या दिवसापासून भवानीचे पंतोजी बंद झाले. ठरलं ते ठरलं, चौघांत ठरलेलं मोडायचं नसतं, असं त्यानं वर ऐकवलं.

आता माघात त्याहून मोठी गोष्ट निघाली होती. सरस्वतीबाईंचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांच्यामागे मुलगा नव्हता, एकटी भवानी होती. तसंच राहिलं तर सरस्वतीबाईंच्या पश्चात घर भवानीचं होणार. पण त्यांनी व्यंकोबाचा मुलगा मणी दत्तक घेतला, तर घर मणीचं, म्हणजे आजच्या घडीला व्यंकोबाचं. दत्तकाला विधवेचा होकार लागतो. तो घ्यायला दशमीला साक्कोट्टैहून यजमानांचे मामा जानकीरामपंत आणि आणखी तीन वडीलधारे येणार होते. होकार दाराकडून मिळेल याची व्यंकोबाला खात्री होती.

सरस्वतीबाईंनी दाराला वरवंटा लावून पाहिला. "वाटेंत दगड कशाला? कुणी अडखळेल," म्हणत व्यंकोबानं तो पायानं सरकवला. सुतार बोलावू का विचारलं, तर म्हणाला, "थोरल्या आजोबांनी बसविलेलें दार आहे. त्यास हत्यार लावायचें नाहीं. सुतार या घरांत पाऊल टाकणार नाहीं."

बाई त्या दिवशी गप्प बसल्या. गप्प बसलेली बाई हरली असं समजणारे पुरुष जगात फार, आणि व्यंकोबा त्यांतला मुकुटमणी. नवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याला सहज सांगितलं, "दशमीस पाहुणे जेवावयास आहेत. आचारी बोलावितें."

"बोलवा," तो खुशीत म्हणाला. "हाताचा बरा पाहून बोलवा."

आता गंमत पाहा. मराठीत आचारी म्हणजे स्वयंपाकी. तमिळमध्ये सुताराला म्हणतात आसारी. आणि पावणेदोनशे वर्षं तमिळ मुलखात राहून या मंडळींच्या जिभेवर च आणि स इतके एकमेकांच्या घरी राहायला गेले होते, की दोन्ही शब्द कानाला एकच लागत. सरस्वतीबाईंनी अंगण झाडणाऱ्या अलमेलूला तमिळमध्ये निरोप सांगितला, आणि अलमेलूनं नवमीला सकाळी इन्नंबूरचा स्वामीनाथ आसारी आणून उभा केला.

स्वामीनाथ पन्नाशीचा, कपाळाला विभूती, आणि त्या भागातल्या सुतारांच्या रिवाजाप्रमाणे खांद्यावर जानवं. काखेत पिशवी. व्यंकोबा कावेरीवर स्नानाला निघाला होता. त्यानं जानवं पाहिलं, पिशवी पाहिली, आत झारा-पळी असेल असं धरलं, आणि स्वतःच हात करून म्हणाला, "आत जा, आत जा. बाई सांगतील काय करायचं ते."

बाईंनी सांगितलं. स्वामीनाथनं चौकटीवरून ओळंबा सोडला आणि मान हलवली. चौकट कूडमाच्या बाजूला कलली होती. शिवाय दाराच्या पायाशी जी लाकडी खुंटी असते, ती उंबरठ्यातल्या ज्या खळग्यात फिरते तो एका अंगानं झिजला होता. त्यानं दार उचलून काढलं, खळगा कोरून त्यात सागाचा नवा तुकडा बसवला, आणि खुंटीची जागा दोन तांदूळभर आत सरकवली. मग दार परत चढवून अर्धवट उघडं सोडलं. ते तसंच उभं राहिलं.

"आता जिथं सोडाल तिथं राहील," तो म्हणाला. सरस्वतीबाईंचे डोळे भरून आले. एवढंसं तर होतं, आणि एवढ्याशासाठी लेकीचं अर्धं आयुष्य जायला निघालं होतं.

व्यंकोबा ओल्या धोतरानं परतला तो लाकडाच्या भुशात पाय पडला. "हें काय?"

"आचारी म्हणितलें, आचारीच आणिला," सरस्वतीबाई म्हणाल्या. "आंत तुम्हीच धाडिलात, भावोजी. आतां पाहुण्यांचा स्वयंपाक मी करीन."

दशमीला जेवणं झाली. कूडमात विडे फिरले. दाराआड वीतभर फटीशी सरस्वतीबाई उभ्या राहिल्या. व्यंकोबानं खाकरून विषय काढला. "वहिनी, मणीस दत्तक घेण्यास तुमची संमती आहे ना?"

एवढं बोलून तो सवयीनं थांबला. दार लागलं नाही. तो उठला, पिंक टाकायला निघाल्यासारखा दारापाशी आला, आणि जाता जाता कडीत बोट घालून त्यानं ते ओढलं. दार धप्पकन बसलं.

लगेच आतून कडी वाजली. सरस्वतीबाईंनी दार सताड उघडलं, पार भिंतीला टेकवलं, आणि पदर सावरून उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. त्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

"इतके दिवस दार लागत होतें," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही लाविलेंत. चौघांनीं पाहिलें."

कुणी विडा चघळेना. जानकीरामपंत खाली पाहत होते. व्यंकोबाचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नव्हती. "पोरीनें घर राहत असतें तर गादी कां बुडाली?" तो म्हणाला. "महाराजांच्या मागें लेकीच होत्या. कंपनीनें त्यांस वारस मानिलें काय?"

"कंपनी परकी," सरस्वतीबाई म्हणाल्या. "लेकी असून घर निपुत्रिक म्हणणें तिला शोभलें. तुम्ही भवानीचे सख्खे चुलते. तुम्हांस कोणी शिकविलें?"

मग जानकीरामपंतांनी वर पाहिलं. "सूनबाई, रीतीप्रमाणें एकदां विचारतों. दत्तक घेणार, कीं नाहीं?"

"नाहीं, मामा. घर भवानीचें."

"ऐकिलें," म्हणून जानकीरामपंत उठले आणि पगडी शोधू लागले.