पाठीवर चालणारी अळी

परशरामअण्णांनी बहिणीच्या उकिरड्यात हात घातला आणि मूठभर पांढऱ्या अळ्या काढून सगळ्यांसमोर धरल्या. अंगठ्याएवढ्या जाड, तेलकट, गोल वळलेल्या.

"हुमणी," ते म्हणाले. "माझ्या भनीचा उकिरडा असला म्हणून काय झालं? उद्या सकाळी इथनंच सुरुवात करा."

हुमणीनं बेळगुंदीला दोन वर्षं रडवलं होतं. उसाची मुळं जमिनीखाली खाऊन टाकायची आणि वरून हिरवागार दिसणारा ऊस नुसता हात लावला की उपटून यायचा. मारुतीरावांचा तर अख्खा फड वाळून गेला. म्हणून गावानं देवळाच्या कट्ट्यावर बसून ठरवलं, दसऱ्याआधी प्रत्येकाचा उकिरडा उकरून बघायचा आणि हुमणी सापडेल तिथं औषध ओतायचं. बघायचं कुणी, यावर चर्चाच झाली नाही. मातीतलं कळावं ते अण्णांनाच. त्यातून त्यांनी सख्ख्या बहिणीचाही मुलाहिजा ठेवला नाही म्हटल्यावर मारुतीराव चारचौघांत म्हणाले, माणूस असावा तर असा. अण्णांना ते गोड लागलं. कुणालाही लागलं असतं.

बहीण राजाबाई गावातच दिलेली. नवरा गेल्यापासून दोन म्हशी आणि अर्धा एकर रान, एवढ्यावर तिचं चाललेलं. वर्षभर शेण आणि पाचोळा थरावर थर टाकून तिनं ते खत कुजवलं होतं. भात निघालं की त्या खतावर कोबी आणि वाटाणा करायचा, हा तिचा दरवर्षीचा नेम. औषध ओतलेलं खत भाजीला चालणार नव्हतं, म्हणजे यंदा भाजी नाही. तरी तिनं तक्रार केली नाही. आण्णा सांगतोय म्हणजे तसंच असणार, एवढंच म्हणाली आणि म्हशींना वैरण टाकायला गेली.

गप्प बसली नाही ती तिची मुलगी पूर्णिमा. ती बेळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी स्कूटर लावली आणि हेल्मेट हातात घेऊनच ती मामाच्या सोप्यात आली. उकिरड्यातली एक अळी आणि वाटेत मारुतीरावांच्या फडातून उकरलेली दुसरी, अशा दोन अळ्या तिनं डबीतून आणल्या होत्या. मामीकडून तिनं स्टीलचं ताट मागून घेतलं. जेवायच्या ताटात अळ्या बघून मामीनं तोंड वाकडं केलं, पण पूर्णिमाचं तिकडं लक्षच नव्हतं.

उसातली अळी ताटात कुशीवर पडून नुसती वळवळत राहिली. उकिरड्यातली क्षणभर थांबली, उताणी झाली आणि सहाही पाय वर करून पाठीच्या जोरावर ताटभर फिरायला लागली.

"मामा, हुमणी कवा अशी चालती का?" पूर्णिमानं विचारलं.

अण्णांनी जन्मात हजारो हुमण्या चिरडल्या होत्या. त्यातली एकही पाठीवर चालली नव्हती. मग पूर्णिमानं समजावून सांगितलं. आईच्या बांधावरच्या झेंडूत डोकं खुपसून बसतो तो हिरवा चकचकीत भुंगेरा, ही त्याची पिल्लं. भुंगेरा फुलातले परागकण खातो आणि त्याची मादी कुजक्या शेणात अंडी घालते. अळी जिवंत मुळाला तोंड लावत नाही, शेण-पाचोळाच खाते. आईचं खत चहाच्या पावडरीसारखं भुसभुशीत झालंय ते या अळ्यांनीच केलंय.

अण्णांना पटलं, अगदी आतून पटलं. सकाळी लोकांना सांगतो, असा त्यांनी तिला शब्द दिला.

सकाळी औषध ओतायला रवळू पाठीला पंप लावून आला, मागून मारुतीराव आणि सातआठ जण. पूर्णिमा ताट घेऊन उभीच होती. तिनं सगळ्यांना अळी चालवून दाखवली, भुंगेऱ्याचं सांगितलं. लोक वाकून बघत होते. रवळूनं तर पंप खाली उतरवलासुद्धा. तेवढ्यात मारुतीराव हसले.

"सोताच्या घरचं आलं की हुमणीबी पाठीवर चालती म्हणायची."

सगळे हसले. अण्णांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. काल जे माणूस असावा तर असा म्हणत होते, तेच आता बहिणीसाठी शब्द फिरवला म्हणणार. सगळी तोंडं त्यांच्याकडं वळली होती. पूर्णिमाही बघत होती, पण तिच्या नजरेत काळजी नव्हती. मामानं शब्द दिला होता ना.

"हुमणीच हाय," अण्णा म्हणाले. "वता."

औषध आत मुरलं तशा अळ्या वर यायला लागल्या. शंभरेक तरी असतील. एकेक खतातून बाहेर पडायची, उताणी व्हायची आणि पाय वर करून लोकांच्या पायाकडं सरकत यायची. रवळू दोन पावलं मागं सरला. सगळ्यांनी ते बघितलं. थोड्या वेळानं त्या हलायच्या थांबल्या, तेव्हा लोक पुढच्या उकिरड्याकडं गेले.

त्या दिवशी अण्णांना जेवण गेलं नाही. स्वतःची इतकी लाज त्यांना आजवर कधी वाटली नव्हती. राजाबाई भांडायला आली तर बरं, असं त्यांना वाटत होतं. तिनं नुसतं विचारलं असतं, तरी त्यांनी सगळं सांगून टाकलं असतं.

दुपारी ती आली, पण भांडायला नाही. पूर्णिमाला दंडाला धरून तिनं सोप्यात आणलं. चारचौघांत मामाला खोटं पाडलं, म्हणून माफी मागायला आणलं होतं.

"पोरगी शिकली, पर वळण लावायला मी कमी पडले," ती म्हणाली. "आण्णा, तू हाईस म्हणून. न्हायतर माझ्या उकिरड्यानं गाव बुडीवलं असतं."

पूर्णिमा मामाकडं बघत थांबली. अण्णांच्या जिभेवर शब्द आला होता, अगदी दातांपर्यंत आला होता, पण बाहेर काही पडेना.

"माग की गं," राजाबाई म्हणाली.

"चुकलं माझं, मामा."

अण्णांचा हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला. "असू दे, पोरी," ते म्हणाले.

राजाबाईचा जीव भांड्यात पडला. पदरानं तोंड पुसत ती वहिनीजवळ चहा ठेवायला आत गेली.