काचेपलीकडची बाई

दिवे लागले की म्हातारा खिडकीकडे बघायचंच टाळायचा. बाहेर अंधार पडला की खिडकीच्या काचेत बायकोला तिचंच प्रतिबिंब दिसायचं, आणि ते आपलं आहे हे तिला आता कळत नव्हतं. "काका, ती बाई बिचारी बाहेर उभी आहे हो. आत घ्या ना तिला," असं म्हणत ती काचेवर थापा मारायची, घास घ्यायची नाही. काका म्हणजे तिचा लग्नाचा नवरा! सगळा संसार डोक्यातून पुसला गेला, त्यात नवराही गेला.

डॉक्टर म्हणाले, काच झाका. म्हणून तो तिला घेऊन पडद्यांच्या दुकानात आला. आजवर घरातलं कापड तिने निवडलं होतं, त्याने फक्त पिशव्या धरल्या. "तुम्ही गोणपाट आणाल मखमल समजून," असं ती म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं.

दुकानदारबाईंनी नमुने मांडले. दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारे कापडी ब्लाइंड होते ते. त्याने बायकोचा हात धरून एकेका कापडावरून फिरवला. एका मऊ, मोतिया कापडापाशी ती थांबली. ते उलटं करून तिने वीण पाहिली, अगदी पूर्वी पाहायची तशी.

"हेच द्या," तो म्हणाला. "आणि अस्तर जाड लावा."

ब्लाइंड लागला. पहिल्या संध्याकाळी त्याने तो खाली सोडला. थापा नाहीत, हाका नाहीत. सुटलो बुवा, असं म्हणत तो वळला, तर ती मुकाट्याने रडत होती.

"गेली ती. एकच माणूस होतं माझं. सांगूनसुद्धा गेली नाही."

मग मी काय मेलोय, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. तक्रार करणार तरी कोणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ. त्याने दोरी ओढली आणि ब्लाइंड वर घेतला. काचेत ती बाई होती आणि तिच्या मागे दोरी धरून उभा असलेला म्हातारा.

बायकोने डोळे पुसले, बाईला हात केला. बराच वेळ पाहत राहिली. मग त्याच्याकडे झुकून, बाईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "नशीबवान आहे हो ती, काका. तिचा नवरा अजून सोबत आहे. माझा कुठे गेला, कोण जाणे."