जड नाव

भिंतीवरच्या यादीत वालुयो नावाचं कुणी नव्हतं. सुर्तिनीनं यादी वरून खाली वाचली, मग बोट लावून खालून वर वाचली. तीस नावं, त्यांच्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली आणखी चार, कुणी आलं नाही तर घ्यायची. अकराव्या ओळीशी बोट पोचलं तसं तिनं ते चटका बसल्यासारखं मागं घेतलं. त्या ओळीतलं मूल तिचंच होतं. पण ते नाव पाच आठवड्यांपूर्वी मोडलं होतं. मोडलेलं नाव तोंडानं घ्यायचं नाही, आणि कुणी त्या नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, हे जावा बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पोर तिच्या झोळीत झोपलं होतं. बावीस महिन्यांचं, पण उचलणाऱ्याला जेमतेम वर्षाचं वाटावं असं.

योग्या शहरातून मुलांच्या हृदयाचे डॉक्टर या डोंगराकडच्या गावांत वर्षातून एकदा येत, यंत्रासकट आणि फुकट. यंदा ते गावकचेरीच्या मांडवात उतरले होते. फुकट म्हटलं की गावाची जत्रा व्हायला वेळ लागत नाही. एका कोपऱ्यात मुगाची खीर वाटत होते, दुसऱ्या कोपऱ्यात दात कसे घासायचे ते दाखवत होते, आणि ज्यांच्या हृदयाला धाड भरलेली नाही अशी कार्टी खिरीच्या रांगेत तिसऱ्यांदा उभी होती. सुर्तिनीच्या घशाखाली सकाळपासून चहाचा घोटही उतरला नव्हता.

चूक कुठे झाली ते तिला यादीसमोर उभ्या उभ्या कळलं. दर महिन्याला हेडमनच्या ओसरीवर बाळांची वजनं होत, तराजूला झोळी टांगून. दोन महिन्यांपूर्वी तिथे सरकारी सुईणीनं पोराच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं, आणि फारसं न बोलता नाव या तपासणीसाठी पाठवलं होतं. त्यानंतर आठवड्यानं पोर रडता रडता निळं पडलं. ओठ जांभळासारखे झाले, डोळे वर गेले. सुर्तिनीनं तर आशाच सोडली होती. तेव्हा सासू सारिनेम, जिला सगळे म्बाह, म्हणजे आजी म्हणत, ठामपणे म्हणाली, "नाव जड झालंय पोराला. उतरवा."

नाव जड होतंच. बापानं, रात्नोनं, ते हौसेनं ठेवलेलं, राजवाड्यातलं, तीन तुकड्यांचं. शेजारी चेष्टा करायचे की नाव आत शिरेपर्यंत घराचं दार मोडेल. मग लाल-पांढरी खीर शिजली, आळीतल्या चार माणसांना बोलावलं, जुन्या नावाचं वजनाचं कार्ड नदीत सोडलं, आणि पोर वालुयो झालं, म्हणजे बरा झालेला. त्या दिवसापासून पोर एकदाही निळं पडलं नव्हतं. सुर्तिनी बारावीपर्यंत शिकलेली. तिचा या गोष्टींवर अर्धा विश्वास होता, पण त्या पाच आठवड्यांनी उरलेल्या अर्ध्याची बोलती बंद केली होती.

पुढच्या वजनाला ओसरीवर नेहमीची सेविका बु कासियाती नव्हती, लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तिच्या जागी एक नवखी पोरगी वही घेऊन बसलेली. "नाव?" "वालुयो." "आधी कुठल्या नावानं नोंद आहे का?" मागं सासू उभी. जुनं नाव सांगायचं तर तोंडानं घ्यावं लागणार. सुर्तिनी "नाही" म्हणाली. पोरीनं कोरं कार्ड काढलं, त्यावर वजनाचा एक ठिपका दिला, आणि वहीत एकाची दोन मुलं झाली. एकाच्या नावावर काही आजार नव्हता आणि दुसऱ्याला ओ द्यायला कुणी नव्हतं.

बु कासियाती खिरीच्या पातेल्यापाशी घामाघूम होऊन उभी होती. सुर्तिनीनं तिला बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं, जुनं नाव तेवढं गाळून.

"अगं पण मला सांगायचंस की," बु कासियाती म्हणाली. "मी गुपचूप वहीत बदलून टाकलं असतं. आळीत तीन पोरांची नावं बदललीत मी, कुणाला पत्ता नाही."

"तुम्ही नव्हता ना. आता बदला."

"आता यादी शहरवाल्यांच्या हातात आहे बाई. ती चष्मेवाली बघ, टेबलावरची. गेल्या वर्षी दोन पोरांच्या कागदांची अदलाबदल झाली, तेव्हापासून यांनी नियमच केलाय. नाव पुकारायचं, घरच्या माणसानं मोठ्यानं ओ द्यायची, मग कुटुंबाचा कागद बघायचा, मगच आत. तीन हाका. तिसऱ्या हाकेला कुणी उठलं नाही की रेघेखालचं पोर घेतात."

"नंबरानं बोलवा म्हणावं. अकरा नंबर म्हणा."

"मी सांगून बघते. पण तिला काय कळणार त्यातलं? ती म्हणेल, नाव तुमच्याच पोराचं ना, मग अडलंय कुठं." बु कासियातीनं तिच्या दंडावर हात ठेवला. "सुर्तिनी, ऐक माझं. डोळे मीट आणि ओ दे. एवढ्यानं काय होतंय."

एवढ्यानं काय होतंय. बु कासियातीची पोरं धडधाकट, त्यातला एक तर पोलिसात. तिला बोलायला काय जातंय, असं सुर्तिनीच्या मनात आलं, आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली.

ती येऊन सासूशेजारी बसली. म्हातारीनं पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. तिनं यादी वाचली नव्हती, तिला वाचता येत नव्हतं. पण सुनेचा चेहरा तिला वाचता येई.

"कुठल्या नावानं पुकारणार आहेत?"

सुर्तिनीनं झोळीची गाठ घट्ट केली.

"वाटलंच मला," म्हातारी म्हणाली. "मान वळवू नकोस हं, पोरी. पापणीसुद्धा हलवू नकोस. उतरवलेलं ओझं ओ दिली की पुन्हा पाठीवर बसतं, आणि या खेपेला दामदुप्पट."

"मग तपासणी?"

"ते मला नाही माहीत."

"तुम्हाला नाही माहीत, मला नाही माहीत, आणि डॉक्टर संध्याकाळी निघून जाणार. पुन्हा वर्षानं येणार. वर्षभर हे असंच बघत बसायचं का?" सुर्तिनीचा आवाज चढला, तसं झोळीतलं पोर हललं. तिनं श्वास धरला. पोर रडलं तर निळं पडेल, या भीतीनं तिच्या घरात गेले कित्येक आठवडे कुणी मोठ्यानं भांडलंही नव्हतं.

म्हातारीनं बोटानं पोराच्या कपाळावरचा घाम टिपला.

आठवं नाव झालं. नववं झालं. भोंग्यातून ते नाव मांडवभर घुमे, कुठूनतरी "आहे, आहे" येई, आणि एखादी आई पोराला छातीशी धरून आत जाई. समोरच्या खुर्चीवर पलीकडच्या वाडीतली एक बाई बसली होती, मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी. मुलीच्या बोटांची टोकं गोल फुगलेली, बडीशेपेच्या गोळ्यांसारखी. ती बाई रेघेखालची पहिली होती. दर हाकेला ती दाराकडे बघे, कुणी उठलं की पुन्हा खाली बघे. तिची नजर सुर्तिनीशी भिडली तेव्हा दोघीही ओशाळल्या. कुणीतरी न यावं म्हणून देवाची करुणा भाकणारी ती, आणि येऊनही न येणारी आपण, असं सुर्तिनीला वाटलं. आपण गप्प बसलो तर निदान हिच्या पोरीचं भलं होईल, हा विचारही येऊन गेला. पण आईचं मन इतकं उदार नसतं, ते तिथंच अडलं.

तिनं फोन काढला. रात्नो दूर बाताम बेटावर जहाजांच्या कारखान्यात होता, या वेळी त्याला फोन जवळ ठेवू देत नाहीत. तरी तिनं लावला. वाजून वाजून बंद झाला.

दहावं नाव आत गेलं. बु कासियाती चष्मेवालीच्या टेबलाशी वाकून काहीतरी सांगत होती. चष्मेवालीनं ऐकून घेतलं, यादीकडे पाहिलं, मान हलवली. बु कासियातीनं लांबूनच सुर्तिनीकडे बघून हात उलटे केले.

"पांजी बागस्कारा कुसुमानिंग्रात."

भोंग्यातून ते नाव आलं तेव्हा मांडव नेहमीसारखाच चालू होता, पण तिच्या आळीतल्या चार बायका मात्र एकदम गप्प झाल्या. एकीनं हातातली खिरीची वाटी खाली ठेवली. कुणीही सुर्तिनीकडे पाहिलं नाही. न बघणं हीच त्यांची मदत होती.

सुर्तिनीनं खाली पोराकडे पाहिलं. ते जागं झालं होतं. त्या नावाला ते पूर्वी हसायचं, पहिला तुकडा ऐकला की. आता ते आवाजाकडे मान वळवू लागलं. तिनं झटक्यात त्याचं डोकं छातीशी दाबलं आणि कानावर हात ठेवला.

"पांजी बागस्कारा कुसुमानिंग्रात. कोण आहे सोबत?"

दोन झाल्या. समोरच्या बाईनं मुलीची चप्पल नीट केली, उठायच्या तयारीनं. सुर्तिनीच्या हाताखाली पोराची छाती धडधडत होती, चुकत चुकत, मध्येच थांबून पुन्हा धावत. हे तिला रोज रात्री कळायचं, छातीला कान लावून ती मोजायची. नाव बदलल्यावर पोर निळं पडायचं थांबलं होतं, पण ही चाल काही बदलली नव्हती, आणि वजन तर उलट शंभर ग्रॅम उतरलं होतं. हे तिनं सासूला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं.

ओ दिली आणि पोर गेलं तर मी मारलं. नाही दिली आणि गेलं तरी मीच मारलं. मग निदान डॉक्टरला तरी दाखवून, असं तिनं मनाशी धरलं आणि ती खुर्चीवरून अर्धी उठली. भोंग्यात कुणीतरी खाकरलं.

खांद्यावर सासूचा हात पडला आणि तिला जोरानं खाली बसवलं. सुर्तिनीनं डोळे वटारून वर पाहिलं. तो हात झिडकारायचं तिच्या पुरतं मनात आलं होतं.

"तू नको," म्हातारी हळूच म्हणाली. "तुझं दूध पितंय अजून ते. तू ओ दिलीस काय अन् त्यानं दिली काय, एकच."

"पांजी बागस्कारा कुसुमानिंग्रात. शेवटची..."

"आहे," म्बाह सारिनेम म्हणाली.

ती विडा थुंकून उभी राहिली होती. चार फुटांची बाई, पण हाट-बाजारात पन्नास वर्षं भाजी विकलेला गळा. "आहे म्हटलं ना. मीच ती. आले."

आळीतल्या बायकांनी आता मात्र पाहिलं. एकीनं तोंडावर हात धरला. म्हातारी कुणाकडेही न बघता टेबलाकडे चालू लागली आणि सुर्तिनी झोळी सावरत तिच्यामागं गेली.

चष्मेवालीनं कागद पाहिला, म्हातारीला पाहिलं. "आजी, मुलाचं नाव विचारतेय मी. पांजी कोण?"

"मी."

"तुम्ही सत्तर वर्षांच्या आहात."

"बहात्तर. नाव आजच घेतलंय. हे पोर वेगळं, याचं नाव वालुयो. हे माझ्यासोबत आलंय."

चष्मेवालीनं बु कासियातीकडे पाहिलं. बु कासियातीनं घाम पुसला. "लिहा हो बाई. कागदावर जे आहे तेच लिहा. पण पोराला त्या नावानं हाक मारू नका म्हणजे झालं."

आत पडद्यामागं अंधार होता आणि यंत्राचा पडदा उजळलेला. तरुण डॉक्टरनं पोराच्या छातीवर थंडगार जेल लावलं. पोर रडायच्या बेतात आलं, तसं म्हातारीनं त्याच्यासमोर आपले लाल दात काढले, आणि ते बघत राहिलं. डॉक्टर यंत्राचं टोक छातीवर फिरवत राहिला. सुर्तिनीनं त्याच्या चेहऱ्यावर डोळे लावले होते. तो ओठ चावायचा आणि ती झोळीचं टोक पिळायची.

"भोक आहे," शेवटी तो म्हणाला. "दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीला. म्हणून वाढत नाहीये. बंद करता येईल, पण लवकर. पुढच्या वर्षीपर्यंत थांबला असतात तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "योग्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी देतो. विम्यातून सगळं होईल, पैसे नाहीत लागायचे."

सुर्तिनीला रडू फुटलं. भोक ऐकून की लवकर ऐकून, तिचं तिलाच कळेना. ती इतके दिवस मनाला समजावत आली होती की काही नसेल. आता ते आहे म्हणून कुणीतरी सांगितलं होतं आणि सुटकाही तिथंच होती आणि खरी भीतीही आत्ताच सुरू झाली होती.

चिठ्ठी बाहेरच्या टेबलावर मिळाली. वर ते नाव ठळक अक्षरांत. म्हातारीनं चिठ्ठी सुनेच्या हातात जाऊ दिली नाही. आपल्या कमरपट्ट्यात खोचली आणि तिथं उभी राहून चष्मेवालीला विचारलं, "तिथं मोठ्या दवाखान्यात किती वेळा पुकारतात?"

"म्हणजे?"

"हे नाव. किती वेळा पुकारतील?"

"प्रत्येक खिडकीवर, आजी. नोंदणीला, रक्ताला, फोटोला, औषधांना. मग वॉर्डात रोज. ऑपरेशनच्या दिवशी तर दारापर्यंत तीन-चारदा विचारतात."

म्हातारीनं बोटांवर मोजायला घेतलं, मध्येच सोडून दिलं. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. सुर्तिनीनं तो पाहिला, आणि आता कुणाकडे बघत राहावं हे तिला कळेना.

"म्बाह, तुम्हाला काय होतंय?"

"जड आहे गं," म्हातारी म्हणाली. एका हातानं तिनं खांब धरला होता. "पोरानं दीड वर्ष कसं वागवलं असेल." मग तिनं खांब सोडला. "बस कधीची आहे? मी येणार आहे प्रत्येक खिडकीला. तू फक्त पोराचे कान झाक."