गालिचा वाळल्यावर

मी एक जुना घाशा आहे. म्हणजे गालिचे घासायचं मशीन. घाशा हे नाव मला मालकिणीने दिलं. कारखान्यात दिलेलं नाव माझ्या पाठीवरून केव्हाच पुसलं गेलं. मित्रांनो, तुम्ही माझ्याभोवती असे गोळा का झालात, ते आधी सांगा. नुसतं ऐकायला आला असाल तर बसा. पण कुणी माझी वायर ओढून बघणार असेल, किंवा तुमच्यात एखाद्या भंगारवाल्याचा भाचा असेल, तर त्याने जरा लांबच उभं राहावं. माझा स्वभाव संशयी आहे. तो जन्मापासून नव्हता. दुकानात उभं राहून राहून तसा झाला.

कारखान्यात मला जड लोखंडी बूड मिळालं, त्यावर मोटर, खाली एक गोल ब्रश, मागे दोन चाकं आणि वर एक लांब दांडा. दांड्याला साबणाच्या पाण्याची टाकी. माझा ब्रश सावकाश फिरतो. गालिच्यासाठी तेच बरं असतं, पण दुकानात त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. माझ्या शेजारी फरशी चमकवणारी वेगवान मशीनं उभी असत. विक्रेता गिऱ्हाइकासमोर त्यांतल्या एकाचं बटण दाबायचा. ते भर्रकन फिरायचं आणि दुकानाची गुळगुळीत फरशी लखलखायची. गालिच्याच्या कामासाठी मशीन शोधायला आलेला माणूस फरशीवरची चमक बघून खूश व्हायचा आणि तेच मशीन घेऊन जायचा. असा वेगवान ब्रश गालिच्यावर टेकवला की तंतू तापतात, पिळवटतात, कधी करपतातसुद्धा. विक्रेत्याला हे चांगलं ठाऊक होतं. त्याने कुणाला सांगितल्याचं मात्र मी एकदाही ऐकलं नाही. तेव्हापासून कुणी फार गोड बोलायला लागलं की माझी मोटर आतल्या आत गुरगुरते.

एके दिवशी दुकानात एक ठेंगणी, करड्या चेहऱ्याची बाई आली. तिच्या गल्लीत तिला सगळे फौजदारबाई म्हणत. दूधवाल्यापासून नवऱ्यापर्यंत ती सगळ्यांची उलटतपासणी घ्यायची, म्हणून. तिच्या काखेत एक गुंडाळी होती.

विक्रेत्याने तिला वेगवान मशीनांमधलं एक छोटंसं मशीन दाखवलं. "काकू, हे घ्या. एकदम हलकं. बायकांना झेपेल असं."

"मला काय झेपतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तसं नाही हो, पण गालिचे घासायचं काम म्हणजे..."

"आणि फरशीवर काय दाखवताय? मी फरशा पुसायचं काम घेणार नाहीये. यावर चालवा." असं म्हणून तिने गुंडाळी सोडली. आत घरच्या गालिच्याचा एक तुकडा होता. इतका मळका की तो मुद्दाम मळवून आणला असावा, अशी मला दाट शंका आली.

त्या तुकड्यावर ते छोटं मशीन बिथरलं आणि जाऊन भिंतीवर आपटलं. मग माझी पाळी आली. विक्रेता माझ्याशी दोन्ही हातांनी झटापट करू लागला, तसा मी त्यालाच घेऊन भेलकांडलो. मित्रांनो, माझं एक गुपित आहे. दांडा जरासा वर उचलला की मी उजवीकडे सरकतो, जरासा खाली दाबला की डावीकडे. एवढंच. जो जोर लावतो त्याला मी जुमानत नाही.

"सरका," फौजदारबाई म्हणाली.

तिने अजिबात जोर लावला नाही, कारण तिचा माझ्यावर काडीचाही विश्वास नव्हता. तिने नुसत्या बोटांनी दांडा उचलून पाहिला, मग दाबून पाहिला. मी निमूटपणे उजवीकडे गेलो, डावीकडे आलो. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "वायर तुटलेली नाही ना? ब्रश जुना तर चढवला नाही ना?" असं सगळं विचारून झाल्यावर तिने मला घेतलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला आपल्या जातीचं माणूस भेटलं.

पुढची वर्षं माझ्या भरभराटीची होती. तिचा मुलगा टेंपो चालवायचा. त्यात मला दोरीने बांधून आम्ही कामाला निघायचो. दवाखान्याची बसायची खोली, वकिलांची कचेरी, एक छोटं सभागृह, आणि आमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे एक हॉटेल. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर खोल्यांपुढून जाणारी लांबलचक पडवी आणि पडवीभर तपकिरी गालिचा. आमचं घर मुख्यतः या हॉटेलवर चालायचं. फौजदारबाई मला चालवायची तेव्हा येणारे-जाणारे थबकून बघायचे. एवढीशी बाई आणि एवढं धूड! काम झालं की ती माझा ब्रश काढून धुवायची, वायर गुंडाळायची आणि मला मागे कलवून, ब्रशवर भार न देता ठेवायची. साबणाच्या डब्याला मात्र ती कुणाला हात लावू देत नसे. साबण टाकीत ओतायचा तो तिनेच.

मग घरात सून आली आणि आमच्याबरोबर कामावरही येऊ लागली. मला ती पहिल्या दिवसापासून पटली नाही. ती फार हसायची. शिवाय खाली वाकून माझं बूड बघायची आणि मोबाइलवर दुसऱ्या मशीनांची चित्रं बघत बसायची. हिच्या डोक्यात काय शिजतंय, हे ओळखायला फार अक्कल लागत नव्हती.

"आई, हे मशीन किती जुनं आहे?" तिने एकदा विचारलं.

"का? विकायचंय?" फौजदारबाईने उलट विचारलं.

"छे हो! सहज विचारलं," सून घाबरून म्हणाली.

"सहज काही नसतं," फौजदारबाई म्हणाली. मी मनात म्हटलं, शाब्बास!

अशातच हॉटेलात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. आम्ही गालिचा घासायचो, तो स्वच्छ व्हायचा, आणि थोड्याच दिवसांत पडवीच्या मधोमध पुन्हा काळपट पट्टा उमटायचा. आधी एका मजल्यावर, मग तिन्ही मजल्यांवर. हॉटेलचा मॅनेजर कपाळाला आठ्या घालूनच बोलू लागला.

"बाई, खरं सांगा, तुम्ही मुद्दाम अर्धवट काम करता ना? म्हणजे आम्ही लवकर पुन्हा बोलवावं."

फौजदारबाई असं ऐकून घेणारी नव्हती. पण त्या दिवशी तिचा चेहरा उतरला. आयुष्यभर तिने दुसऱ्यांना प्रश्न विचारले होते. तिला असं तोंडावर कुणी चोर ठरवलं नव्हतं. घरी आल्यावर ती सुनेवर घसरली. "तूच पाणी नीट मारत नसशील." सून म्हणाली, "आई, ब्रश तर झिजला नसेल?" मुलगा म्हणाला, "मशीनच म्हातारं झालंय." फिरून फिरून सगळं माझ्यावर आलं. मला जिन्याखाली ढकललं, तेही ब्रशवर उभं करून. असं ठेवलं की ब्रशचे केस एका बाजूला वाकतात. हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी कुणी मला कलवून ठेवलं नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वेळी हॉटेलात गेलो, तर पडवीत एक विक्रेता आधीच हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि सोबत एक चकचकीत नवं मशीन. मॅनेजर म्हणाला, "हे घेतलं तर आमचीच माणसं सफाई करतील. बाहेरचं कुणी नको." म्हणजे आमचं हॉटेलचं काम जाणार होतं. फौजदारबाई भिंतीला टेकून उभी राहिली.

"दगड, लाकूड, गालिचा, कशावरही चालतं," विक्रेता म्हणाला. त्याने बाटलीतून कसलंसं सुगंधी पाणी शिंपडलं आणि बटण दाबलं. नवं मशीन भर्रकन फिरलं. फेसच फेस! त्याने तो पुसून घेतला आणि खाली ओला, गडद, अगदी नव्यासारखा गालिचा दिसू लागला.

"वा!" मॅनेजर म्हणाला.

"मग आत्ताच ठरवून टाकू या ना सर," विक्रेता म्हणाला. त्याची ही घाई बघून मला दुकानातले दिवस आठवले.

तेवढ्यात सुनेने चपला काढल्या आणि ती जुन्या काळपट पट्ट्यावर अनवाणी चालू लागली. हिला आता काय सुचलं, मला कळेना. ती थांबली, पाऊल उचललं, पुन्हा टेकवलं. मग ती मॅनेजरकडे वळली.

"सर, ओला गालिचा चांगलाच दिसतो. तो वाळू दे. त्यावरून लोक चालू देत. परवा बघा आणि मग ठरवा. त्याच्या शेजारी आम्हीपण दोन तुकडे घासून ठेवतो. एक नेहमीसारखा साबण घालून. आणि एक नुसत्या पाण्याने."

"नुसत्या पाण्याने?" फौजदारबाई कडाडली. "माझ्या साबणात काय खोट आहे?"

"खोट नाही आई. बघू तर खरं."

मित्रांनो, मला तर सगळा कट लख्ख दिसला. मला साबणाशिवाय राबवायचं, माझं काम फिकं पाडायचं, आणि 'बघा, मशीन निकामी झालं' म्हणून मला भंगारात घालायचं! माझे केस आधीच वाकलेले. तरीही मी तो तुकडा जीव तोडून घासला. वाळायच्या आधी बघितलं तर तिन्हींत तोच सगळ्यात फिका दिसत होता. विक्रेता गालातल्या गालात हसला.

दोन दिवस त्या तिन्ही तुकड्यांवरून पाहुणे गेले, बॅगा ओढल्या गेल्या, मुलं धावली. मला तिथेच कोपऱ्यात ठेवलं होतं, त्यामुळे मी सगळं बघत होतो. तिसऱ्या दिवशी सगळे जमले.

नव्या मशीनचा तुकडा वाळून खरखरीत झाला होता. त्याचे तंतू पिंजून उभे राहिले होते आणि मधोमध धुळीचा काळा पट्टा होता. आमच्या नेहमीच्या साबणाचा तुकडा पिंजला नव्हता, पण काळपट तोही झाला होता. आणि नुसत्या पाण्याचा तुकडा होता तसाच होता. फार उजळ नाही, पण स्वच्छ. विक्रेत्याला अचानक दुसरीकडे जायचं आठवलं आणि तो मशीन ढकलत निघून गेला.

मॅनेजर खाली बसून तिन्ही तुकडे बोटांनी चाचपू लागला. "इथे चिकट लागतंय."

"साबण आत राहिलाय," सून म्हणाली. "तो वाळला की चिकट होतो आणि बुटांची धूळ धरून ठेवतो. परवा माझे तळवे चिकटत होते, तेव्हाच मला शंका आली. मशीन ठीक आहे."

मशीन ठीक आहे! हे शब्द तिच्या तोंडून आले. मी ते मनात दोनदा घोळवले तेव्हा कुठे मला खरे वाटले.

"म्हणजे साबण जास्त पडतोय," मॅनेजर म्हणाला. "कोण घालतं साबण?"

फौजदारबाई जमिनीकडे बघत होती.

"मी घालते," सून पटकन म्हणाली. "नवीन आहे ना, अंदाज येत नाही. यापुढे नाही होणार."

मी फौजदारबाईकडे पाहिलं. सुटायची वाट तिला आयती मिळाली होती. नुसतं गप्प बसली असती तरी भागलं असतं. आणि खरं सांगतो, मला वाटलं, ती गप्पच बसेल.

"खोटं बोलतेय ती," फौजदारबाई म्हणाली. "साबणाच्या डब्याला मी तिला शिवूसुद्धा देत नाही. साबण मी घालते."

"पण इतका का घालता, बाई?"

ती हळूच म्हणाली, "पूर्वी बेताने घालायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, फेस दिसत नाही, बाई नुसत्या पाण्याने फसवते वाटतं. ते मनाला लागलं. मग थोडा वाढवला. पुन्हा कुणी तसंच बघितल्यासारखं वाटलं, पुन्हा वाढवला. लोक माझ्यावर संशय घेतील, याचीच भीती बसली होती हो."

सून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. मॅनेजरने घसा खाकरला. "बरं. आजपासून साबण कमी घाला, आणि वरून साध्या पाण्याने घासून ते पाणी काढून घ्या. काम तुमच्याकडेच राहील. फक्त माप कोण घेणार, ते मला सांगा."

"ती," फौजदारबाई म्हणाली.

सुनेने डबा उघडला. सवयीप्रमाणे फौजदारबाई पुढे सरसावली, मान वाकवून बघायला लागली. मग थांबली. आणि मित्रांनो, जिने आयुष्यात कधी कुणाकडे पाठ केली नव्हती, ती बाई वळली आणि सुनेचं माप होईपर्यंत खिडकीतून बाहेरचा रस्ता बघत उभी राहिली.

त्यालाही आता काही वर्षं झाली. सुनेने पाणी ओढून घेणारं एक वेगळं मशीन आणलं आहे. आधी मी घासतो, मागून ते पाणी ओढतं. ते फारसं बोलत नाही, म्हणून माझं त्याच्यावर लक्ष असतं. मी थकलो आहे, पण माझा ब्रश रोज धुतला जातो आणि मला मागे कलवूनच ठेवतात. तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी राबत असतील. कामानंतर त्यांना पुसा, त्यांच्या वायरी ओढू नका, त्यांना वेडंवाकडं टाकू नका. आणि काम बिघडलं तर खुशाल संशय घ्या, माझी ना नाही. वस्तूवर घ्या, माणसांवर घ्या. फक्त त्या रांगेत स्वतःलाही उभं करा. आमच्या फौजदारबाईला ते फार उशिरा सुचलं, पण तिने ते चारचौघांत केलं, आणि तेव्हापासून सून तिला घाबरेनाशी झाली.