उतरलेल्या सेलवरचं रॉक अँड रोल

मुलांनो, जरा कल्पना करा. साल चौऱ्याण्णव, गाव बोरी बुद्रुक, आणि तुमच्या चुलतभावानं डोक्यावर केसांचा एवढा मोठा फुगा काढलाय, की दारातून आधी फुगा आत येतो आणि मागून भाऊ. झाली कल्पना? आता हसू आवरा, कारण आरतीला हसायची सोय नव्हती. हा फुगेवाला पप्पू तिचा थोरला चुलतभाऊ, आणि घरातला टेपरेकॉर्डर त्याच्या ताब्यात.

रॉक अँड रोल नावाचं संगीत पप्पूच्या जन्माआधीच अमेरिकेत निघालं होतं. तिथल्या पोरांनी ते ऐकलं, केस फुगवले, कॉलर वर केल्या, आईबापांची बोलणी खाल्ली आणि ती नाचत सुटली. त्यातलं ऐकणं आणि नाचणं सोडून बाकी सगळं पप्पूनं उचललं. आळेफाट्याच्या दुकानातून त्यानं तसलं एक गाणं कॅसेटमध्ये भरून आणलं. तेव्हा आरती सोबत होती. नीट भरलंय का, हे बघायला दुकानदारानं ते थोडंसं वाजवलं आणि बंद केलं. पप्पू तेव्हा दुकानातल्या आरशात केस विंचरण्यात गुंग होता. तेवढ्यानंही आरतीच्या अंगावर काटा आला. उतारावर सुटलेल्या सायकलीसारखं ते गाणं धावत होतं. पुढं ते कुठं जातं, एवढंच तिला ऐकायचं होतं.

पप्पूनं चार मित्र जमवले. वेगळं दिसायचं म्हणून पाचही जणांनी अगदी एकसारखा फुगा काढला. शाळेच्या गॅदरिंगला माजी विद्यार्थी म्हणून नाच करायचा ठरला. घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून सराव मळ्यात, कांद्याच्या चाळीमागे. तिथं वीज कुठली? टेप सेलवर चाले. सेल उतरले, की हे शहाणे ते उन्हात तापवून पुन्हा आत घालत. गाणं रेंगाळू लागलं. गायकाचा आवाज रेड्यासारखा जाड झाला. या पाच जणांना तो मर्दानी वाटला. मग पप्पू गावातही तसाच जाड आवाज काढून बोलू लागला आणि त्याच संथ तालात पाय ओढत चालू लागला. शेजारच्या ठमाबाई आजीनं तर काळजीनं विचारलंसुद्धा, पायात काटा मोडलाय का म्हणून.

शेरडं घेऊन मळ्यात आलेल्या आरतीनं एकदा सांगून पाहिलं. "दादा, गाणं असं न्हाई. दुकानात लई पळत व्हतं. सेल बदल."

"तुला इंग्लिश गाण्यातलं काय कळतंय गं? जा, शेरडं बांध."

बाकीचे फिदीफिदी हसले. टेपला हात लावशील तर याद राख, अशी ताकीदही तिला मिळाली.

गॅदरिंगच्या दिवशी मंडपवाल्यानं कॅसेट आपल्या डेकमध्ये घातली. तो डेक विजेवर चालणारा. पाच फुगे पाय ओढत मंचावर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि गाणं सुरू झालं, जसं होतं तसं. यांची पहिली गिरकी अर्धी होते न होते तोच गाणं कितीतरी पुढं निघून गेलं. एक डावीकडे वळला, दुसरा त्याच्या अंगावर आदळला. पप्पूनं ऐटीत उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला, कारण तो खाली कधी टेकवायचा हेच त्याला उमगेना. सगळं गाव पोट धरून हसलं.

ज्यांच्याकडून या पाच जणांनी फुगा घेतला, ती अमेरिकेतली पोरं जगानं हसून घेतलं तरी नाचत राहिली होती. हे मात्र मंचावरून उड्या टाकून खाली आले आणि थेट मंडपवाल्यावर घसरले. एव्हाना पप्पूचा मर्दानी आवाजही गळून पडला होता.

"डेक बिघडलाय राव तुमचा," तो किरट्या आवाजात म्हणाला. "बंद करा. माझी कॅसेट द्या इकडं."

गाणं अजून चालूच होतं. आरती उठून डेकपाशी पोचली होती. कॅसेट एकदा पप्पूच्या खिशात गेली, की ती पुन्हा चाळीमागेच वाजणार, रेड्याच्या आवाजात, हे तिला ठाऊक होतं. पप्पूनं हात पुढं केला.

"संपू दे, दादा," ती म्हणाली. "तू अजून ऐकलंच न्हाईस."

आणि तिनं दोन्ही तळवे डेकच्या झाकणावर दाबून धरले, गाणं पुरतं संपेपर्यंत.